त्राटिकेचा डावा गाल: ठाणे-नवी मुंबईतल्या फोटोग्राफर मंडळींना खुले पत्र

ठाणे आणि नवी मुंबईतल्या फोटोग्राफी ग्रुपच्या सर्व संयोजकांना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात एका फोटो लॅबमध्ये काम करतो. १७ वर्षं झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे प्रिंट माझ्या हातून गेले आहेत. त्यामुळे तुम्ही मला ओळखत नसलात तरी मी तुमचं काम ओळखतो. होळी झाली की महिना-दीड महिना एक विशिष्ट प्रकारचे प्रिंट यायला लागतात. टेंभ्याचा उजेड, मागे काळाकुट्ट अंधार आणि मधोमध रावण, नरसिंह, वेताळ नाहीतर मारुती. ते प्रिंट कापताना माझा हात थांबतो. त्या मुखवट्यांच्या आत कोण आहे हे मला बऱ्याचदा पायांवरून, कमरेच्या लकबीवरून ओळखू येतं. माझं आजोळ मोखाडा तालुक्यात आहे आणि तुम्ही ज्याला इव्हेंट म्हणून कॅलेंडरमध्ये टाकता तो बोहाडा मी आईच्या कडेवर बसून पाहिलेला आहे.

आमच्या मामांच्या घराकडे त्राटिकेचं सोंग आहे. 'आहे' म्हणजे तो मान त्या घराचा आहे. आजोबांकडून थोरल्या मामांकडे आला, ते गेल्यावर धाकट्या मामांकडे. नव्या सभासदांसाठी थोडं सांगतो, कारण दरवर्षी बसमध्ये निम्मे लोक पहिल्यांदाच येतात. बोहाडा, भोवाडा, भवाडा, नाव गावागणिक बदलतं. इकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि तिकडे नाशिकच्या बाजूला त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, या पट्ट्यातल्या गावांत होळीनंतर, पाऊस पडायच्या आत तो होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर जव्हार-मोखाडा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, सगळ्यांचा हा उत्सव. आधी गणपती निघतो, मग शारदा, मग एकेक देव आणि एकेक राक्षस संबळ-सनईच्या तालावर रात्रभर नाचत गावातून जातो. शेवटच्या पहाटे देवी आणि महिषासुराची लढाई होते. देव जितक्या मानाने निघतात तितक्याच मानाने राक्षसही. त्राटिकेची पूजा झाल्याशिवाय मामा तिला डोक्याला लावत नाहीत.

मामांचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा होता. लगद्यात मेथीची पूड आणि डिंक, वर रंगाचे इतके थर की कडेला टवका उडाला तर झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखे दिसायचे. जुन्या घरात तो चुलीच्या वर आढ्याला टांगलेला असायचा, बियाण्याच्या कणसांशेजारी. धुराने काळवंडायचा, पण कीड लागायची नाही. काही वर्षांपूर्वी पक्कं घर झालं, गॅस आला. मामींच्या डोळ्यांची आग थांबली, तेव्हा त्या घराला आणि गॅसला मी एका शब्दानेही नावं ठेवणार नाही. पण मुखवटा आता धोतराच्या फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटावर ठेवला जायला लागला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली. दिवाळीनंतर फडकं सोडलं तेव्हा हनुवटीपासून कपाळापर्यंत अख्खी डावी बाजू खाल्लेली होती. हाताला नुसता भुगा लागला. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

नवा मुखवटा करायला जव्हारकडच्या एका कारागिराला सांगितलं. उरलेला अर्धा मुखवटा मामांनी टोपलीत घालून त्याच्याकडे नेला. कारागिराने उजव्या बाजूवरून मापं घेतली, डोळा, नाक, ओठ, बाहेर आलेला दात, सगळं जुळवलं. मग विचारलं, "डाव्या गालावर काय होतं?"

उजव्या गालावर गोंदणाची चंद्रकोर आणि खाली तीन ठिपके आहेत. डाव्या गालावर वेगळं काहीतरी होतं, एवढं सगळ्यांना पक्कं आठवतं. काय, ते कोणालाच सांगता येईना. आजी म्हणाली तुळस. शेजारचे पाटील म्हणाले पाच ठिपके. रंग द्यायचं काम थोरले मामा करायचे, ते आता नाहीत. आणि धाकट्या मामांना आठवण्याचा प्रश्नच नव्हता. सोंग घेणारा माणूस मुखवट्याच्या आत असतो. पूजेला दिवा एकच, त्यात फुलं वाहिलेली, आणि नंतर सगळं आतूनच. पंधरा वर्षं त्राटिका नाचवणाऱ्या माणसाने त्या पंधरा वर्षांत नाचणारी त्राटिका कधी पाहिलीच नव्हती.

मामा एसटीने ठाण्याला आले. लॅबच्या काउंटरसमोर उभं राहून म्हणाले, "भाच्या, तुझ्याकडे तर सगळ्यांचे फोटो येतात."

आमच्याकडे ग्राहकांच्या फाइल तीन महिन्यांनी पुसून टाकतात. आणि असत्या तरी तुम्हाला न विचारता मी त्या कोणाला दिल्या नसत्या. म्हणून मी तुम्हाला लिहायला सुरुवात केली. सहा ग्रुपना मेसेज केले. कोणाचं नाव घेणार नाही, कारण हे पत्र तक्रारीसाठी लिहिलेलं नाही. दोन ग्रुपनी मनापासून शोधून फोटो पाठवले, त्यातल्या एका काकांनी तर रात्री फोन करून मामांची चौकशी केली. एका ठिकाणाहून उत्तर आलं की वापराचे पैसे पडतील. एकीकडून आलेल्या फोटोत त्राटिकेच्या तोंडावर आडवं त्यांचंच नाव छापलेलं होतं. दोघांकडून काहीच नाही. एकूण ४३ फोटो जमले, नऊ वर्षांतले. मी ते सगळे चार बाय सहाचे छापले आणि मामांसमोर जमिनीवर मांडले.

४३ च्या ४३ फोटोंत उजवा गाल होता.

आधी मला तो विचित्र योगायोग वाटला. मग गाव डोळ्यांसमोर आणलं आणि कळलं. सोंगांचा रस्ता खालच्या आळीकडून देवीच्या मांडवाकडे येतो. उजव्या हाताला पार आहे. पारावर उंची मिळते, टेंभेवालेही त्याच बाजूने चालतात. त्यामुळे तुम्ही सगळे तिथेच बसता, आणि तुमच्या जागी मीही तिथेच बसलो असतो. डाव्या हाताला गावातल्या बाया आणि पोरं दाटीने बसलेली असतात. तिकडे कॅमेरा जात नाही, उजेडही जात नाही. त्राटिकेचा डावा गाल नऊ वर्षं आमच्या बायकांनी पाहिला. पाहिलेली गोष्ट ओळखता येते, काढून दाखवता येत नाही. आजीसमोर पंधरा कागदांवर पंधरा नक्ष्या काढल्या. ती प्रत्येकीला "अशीच, पण अशी नाही" म्हणाली.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. काही फोटोंत त्राटिका थोडी वळलेली आहे, डाव्या गालाची कड येते. पण तुम्ही एडिट करताना काळं आणखी काळं केलंय. चित्र देखणं झालंय, यात शंका नाही. मात्र जेपीजी करताना अंधारातलं जे गेलं ते परत येत नाही. मी पडद्यावर उजेड वाढवत नेला तर गालाच्या जागी नुसते राखाडी चौकोन दिसायला लागले. मूळ रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, त्याच अंधारात बरंच काही शिल्लक असतं. चांगल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल असेल तर उजेड दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) वर ओढून गोंदण दिसू शकतं. हे तुम्हाला मी शिकवायला नको.

म्हणून माझं पहिलं मागणं हे आहे. तुमच्या जुन्या हार्ड डिस्क उघडा. प्रदर्शनात लावलेले फोटो मी बघितलेत, मला तुम्ही बाजूला टाकलेले फोटो हवेत. सोंग वळल्यामुळे बिघडलेली फ्रेम, मध्ये कोणाचं डोकं आलेली फ्रेम, मांडवातून परत जातानाची पाठमोरी, फोकस चुकलेली, अंधारी. एका रात्रीत तुम्ही हजार-पंधराशे क्लिक करता आणि त्यातले दहा ठेवता. उरलेल्यांत आमच्या गावाचा निम्मा चेहरा पडून आहे.

आणि हे फक्त त्राटिकेपुरतं नाही. आमच्याच गावात तीन मुखवटे पांगाऱ्याच्या लाकडाचे आहेत. पांगारा हलका म्हणून सोसवतो, पण तेवढाच लवकर पोखरला जातो. एका राक्षसाच्या मुकुटातलं एक शिर गेल्या साली गळालं. दर गावात असं काहीतरी चालूच असतं. मुखवटा झिजतो, दुरुस्त होतो, एक दिवस नवा करावा लागतो, आणि नवा करणाऱ्याला जुना नीट दिसायला हवा. वीस वर्षं ठाण्याच्या, वाशीच्या, नेरुळच्या घरांत फोटो साठत गेले आणि गावात एकही नाही. मामांच्या घरात बोहाड्याचा एकच फोटो होता, तोही कोणीतरी कॅलेंडरवर छापलेला. त्यात दुसऱ्याच गावाचा रावण आहे.

कायद्याने फोटो तुमचा आहे, हे मला ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, आणि तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो हक्क मी मागत नाही. युनेस्कोचा अमूर्त वारशाचा करार २००३ सालचा, भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. त्याच्या जोडीला २०१५ मध्ये युनेस्कोने १२ नैतिक तत्त्वं मांडली. ज्यांचा वारसा आहे त्यांची आधी, समजून-उमजून, कुठलाही दबाव नसताना दिलेली संमती हवी, असं त्यात स्पष्ट आहे. मामांना युनेस्को माहीत नाही. पण गेल्या वर्षी ते जे बोलले त्याचा अर्थ वेगळा नव्हता: "काढू दे की फोटो. पण आधी विचारावं, आणि नंतर दाखवावं."

विचारण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त दुखावलं जातं. संयोजक सरपंचांना फोन करतात आणि परवानगी मिळाली असं समजतात. सरपंच गावात यायची परवानगी देऊ शकतात. सोंगाची परवानगी सोंगवाल्या घराची असते. मामांच्या घरात मुखवटा बांधायला अर्धा तास लागतो. आधी डोक्याला फडक्याची चुंबळ, मग मुखवटा, मग दोऱ्या मानेमागून आणि काखेतून, मग लुगडं, घुंगरं. त्या अर्ध्या तासात मामा कोणाशी बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तीन जण त्या खोलीत शिरले, एकाने दिवा बाजूला सरकवला, दुसऱ्याने मामांना मुखवटा अर्धा वर करून हसायला सांगितलं. ती मुलं वाईट नव्हती. बाहेर आल्यावर त्यांनी मामींच्या हातचा चहाही प्याला, आभार मानले. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम तुमचं आहे, बस निघायच्या आधी.

तुमच्यातले कितीतरी जण कोकणातले. शिमग्याला दापोली, गुहागर, संगमेश्वरकडे जाता. पालखी नाचवायला खांदा देता, काळ्या कपड्यातला, घुंगरं बांधलेला संकासूर पोरांच्या मागे धावतो तेव्हा तुम्हीही लहान होता. तिथे गुरवाला बाजूला सारून देवळाच्या गाभाऱ्यात कॅमेरा घेऊन तुम्ही गेला आहात का? मोखाड्यातली मुखवटा बांधायची ती खोली तुमच्या गाभाऱ्यासारखी आहे. पाडव्याच्या स्वागतयात्रेत कोपिनेश्वराकडून निघालेली ढोलपथकं लोकांनी बघावं म्हणूनच नटलेली असतात, तिथे तुम्ही पुढे पळत जाऊन फोटो काढता ते बरोबरच आहे. दोन्हीकडे एकाच पद्धतीने वागून चालत नाही.

फ्लॅशबद्दल एकच सांगतो. मुखवट्याची डोळ्यांची भोकं मामांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. ते नाकाच्या फटीतून बघतात, चार-पाच फुटांपलीकडचं दिसत नाही, आणि पायात काही नसतं. समोर फ्लॅश उडाला की काही क्षण पूर्ण अंधार. बाजूला चालणारा मुलगा हाताला धरून नेतो म्हणून पडत नाहीत. आजचे कॅमेरे ६४०० आयएसओला, म्हणजे अगदी कमी उजेडातही, सुंदर फोटो देतात. ३५ किंवा ५० एमएमची, १.८ ची लेन्स लावली तर टेंभ्याच्या उजेडात सव्वाशेचा (सेकंदाच्या १२५व्या भागाचा) शटर मिळतो, आणि संबळाचा ठोका ओळखलात तर साठचाही पुरतो. दर काही पावलांनी सोंग क्षणभर थबकतं. ती जागा कानाने सापडते, डोळ्याने नाही.

आणि पुसू नका. मामांच्या मनगटावर घड्याळ असतं, संबळवाल्याच्या अंगात क्रिकेट टीमचा टीशर्ट असतो, मांडवात निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत हे सगळं गायब केलेले प्रिंट माझ्याकडे यायला लागले आहेत. अमेरिकेत एडवर्ड कर्टिस नावाचा फोटोग्राफर होऊन गेला, मूळ रहिवाशांचे हजारो फोटो काढलेला. १९१० च्या सुमाराचा त्याचा एक फोटो आहे. तंबूत पिगन जमातीचे दोघे पुरुष बसलेले, आणि त्यांच्या मध्ये एक गजराचं घड्याळ. कर्टिसने छापताना घड्याळ खोडून टाकलं. मूळ निगेटिव्ह मात्र राहिली आणि आज लोक ते घड्याळ बघायला तो फोटो शोधतात. त्याच्याच काळात तिथल्याच होपी जमातीच्या सर्पनृत्याला फोटोग्राफरची इतकी गर्दी व्हायची की त्यांनी कॅमेराच बंद केला. ती बंदी आजही आहे. आमच्या गावात अजून कोणी तसं म्हणालेलं नाही. तसं म्हणायची वेळ येऊ नये असं मला फार वाटतं, कारण मीही फोटोच्याच पोटावर जगतो, आणि थोरल्या मामांचा सोंगातला एकमेव फोटो मला तुमच्याच एका सभासदाकडून मिळाला.

या वर्षापासून काय करता येईल ते मी मामांशी आणि गावातल्या चार जाणत्यांशी बोललो आहे. त्यांना पटलं आहे. बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मुखवटे पुन्हा बांधून ठेवायच्या आधी, ज्या घरांची तयारी असेल ती घरं आपला मुखवटा अंगणात सावलीत मांडतील. तुमच्यातले दोघेतिघे थांबा. पन्नास ते पंच्याऐंशीच्या लेन्सने काढा. जवळून वाइड लेन्सने काढलं तर नाक मोठं आणि कान लहान होतात आणि कारागिराची मापं फसतात. समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरून. शेजारी एक मोजपट्टी आणि रंगांचं कार्ड ठेवा, कारण टेंभ्याच्या उजेडात हिरवा रंग तपकिरी दिसतो. घरच्यांनी हो म्हटलं तर आतूनही काढा. आत भोकं कुठे आहेत, जाडी किती आहे, चुंबळ कुठे टेकते, कारागिराला सगळ्यात जास्त उपयोग त्याच फोटोचा होतो. आणि प्रत्येक फोटोसोबत लिहून घ्या: सोंगाचं नाव, कोणत्या घराचं, कोणी केलं, कशाचं, शेवटचा रंग कधी दिला. आजवर माझ्याकडे आलेल्या प्रिंटवर 'आदिवासी नर्तक', 'आदिम', 'गूढ' अशी नावं पाहिली आहेत. 'त्राटिका' एकदाही पाहिलं नाही.

प्रिंट मी काढून देईन. लॅबच्या मालकांशी बोललो आहे, कागदाचा खर्च तेवढा घेतील, माझी मजुरी नको. दर मुखवट्याचा एक संच त्या घरी, एक संच गावच्या शाळेत. शाळेतले गुरुजी तयार आहेत. हवं तर तुमचं नाव मागच्या बाजूला छापू, पुढे नको.

आता मूळ गोष्टीकडे येतो. नवी त्राटिका तयार आहे. मी जाऊन पाहिली. उजवा गाल अगदी जुन्यासारखा, चंद्रकोर आणि तीन ठिपके. दात थोडा जास्त पांढरा आहे, तो धुराने नाही तरी वर्षांनी काळवंडेल. डावा गाल कारागिराने नुसता लाल रंगवून ठेवलाय. मनाने काही काढायला तो तयार नाही, आणि मामाही तसं म्हणाले नाहीत. यंदा ती तशीच निघेल.

तुमच्यातले जे कोणी आमच्या गावात पारावर न बसता समोरच्या बाजूला, बायकांच्या रांगेत बसून फोटो काढून आले असतील, किंवा मांडवातून परत फिरताना एखादा क्लिक केला असेल, किंवा लहान मुलाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ज्यांच्याकडे पडून असेल, त्यांनी तो ग्रुपवर टाकावा. संयोजकांकडे माझा नंबर आहे. फोटो कितीही वाईट असला तरी चालेल. हललेला असला तरी चालेल. त्राटिकेने लाल लुगडं नेसलेलं असतं, हातात निंबाचा डहाळा असतो आणि ती नरसिंहाच्या आधी निघते. डावा गाल दिसायला हवा.

आपला,
कळव्याचा एक लॅबवाला